भूशास्त्र शिकताना या चुका टाळा: आकृती, दगड आणि भूकंपाचे आकडे

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या बहुतेक चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत. आकृतीत दिसते तेच प्रमाण खरे मानले जाते, दगडाचे नाव त्याच्या वरच्या रंगावरून ठरवले जाते आणि भूकंपाची बातमी वाचताना दोन वेगळी मापे एकच समजली जातात. या तिन्ही ठिकाणी हाताशी असलेला पुरावा तपासायचा राहून जातो.

प्रावरण म्हणजे वितळलेला लाव्हा नव्हे

पुस्तकात प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्यामधला थर, लाल-नारिंगी रंगवलेले असते आणि भूकवच बोटभर जाड काढलेले असते. त्यावरून "कवचाखाली लाव्हाचा समुद्र आहे आणि त्यावर खंड तरंगतात" असे उत्तर लिहिले जाते. ते चूक आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी (प्राथमिक लहरींनंतर पोहोचणाऱ्या) द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंतच्या अख्ख्या प्रावरणातून त्या जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. लाखो वर्षांच्या मोजणीत ते वाहते, जसा हिमनदीतला बर्फ घन असूनही उतारावरून सरकतो. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, तयार होतो तो मोजक्या जागी: जिथे वर येणाऱ्या खडकावरचा दाब कमी होतो, किंवा जिथे पाणी मिसळून खडकाचा वितळणबिंदू खाली येतो.

पृथ्वीत खरोखर द्रव असलेला थर म्हणजे बाह्य गाभा, २,८९० ते ५,१५० किलोमीटर. पृथ्वीला गाभा आहे हे भूकंपलेखांवरून (भूकंपमापक यंत्राच्या आलेखांवरून) १९०६ साली दाखवणारे रिचर्ड ओल्डहॅम पूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवर त्यांनी आधी बारकाईने काम केले होते. गाभ्याच्या आत वेगळा आंतरगाभा असल्याचे इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये मांडले.

ही चूक मोडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे आकृती एकदा प्रमाणात काढणे. १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर धरा. ६४ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच केंद्रावर बाह्य गाभ्यासाठी ३५ आणि आंतरगाभ्यासाठी १२ मिलिमीटर त्रिज्या घ्या. ३५ किलोमीटर जाडीचे खंडीय कवच आता ०.३५ मिलिमीटर होते, म्हणजे टोक काढलेल्या पेन्सिलची एक रेघ. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे १२,२६२ मीटरचे, या आकृतीत त्या रेघेच्याही आतच राहते.

तापमानाच्या गणितातही सावध राहा. कवचात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते, हे बरोबर. पण तोच दर केंद्रापर्यंत लावला तर दीड लाखाहून अधिक अंश येतात. प्रत्यक्षात केंद्राचे तापमान ५,००० ते ६,००० अंशांच्या आसपास मानले जाते, कारण खोलवर वाढीचा दर फार कमी होतो. एवढ्या उष्णतेतही आंतरगाभा घन राहतो तो तिथल्या प्रचंड दाबामुळे: वातावरणाच्या दाबाच्या पस्तीस लाख पटींहून जास्त.

आणि "भूकवचाचे तुकडे म्हणजे प्लेटा" हे वाक्य वहीतून खोडा. प्लेट म्हणजे शिलावरण: कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ भाग, मिळून साधारण १०० किलोमीटर.

विदारण आणि क्षरण यांची गल्लत

कसोटी साधी आहे: माल जागेवरून हलला का? खडक जागच्या जागी फुटला किंवा कुजला तर विदारण. पाण्याने, वाऱ्याने, हिमनदीने तो उचलून नेला तर क्षरण. केवळ गुरुत्वाकर्षणाने उतारावरून खाली आला तर विस्तृत झीज. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर कोसळलेली दरड तिसऱ्या प्रकारातली. विदारणाने सैल झालेला उतार आणि मुसळधार पाऊस तिथे एकत्र आले.

महाराष्ट्रात घाटरस्त्याच्या कापणीत मुरमात रुतलेले गोल धोंडे दिसतात. त्यांना नदीचे गोटे किंवा ज्वालामुखीने फेकलेले गोळे म्हणण्याची चूक जवळजवळ प्रत्येक सहलीत होते. जवळ जाऊन तीन गोष्टी पाहा. धोंड्याभोवती एकात एक पापुद्रे आहेत का, दोन धोंड्यांमधल्या मुरमात मूळ खडकाच्या भेगा जुळतात का, आणि सगळे धोंडे एकाच खडकाचे आहेत का. तिन्ही उत्तरे "हो" असतील तर ते बेसाल्टचे जागेवरचे विदारण आहे. नदीच्या गोट्यांना पापुद्रे नसतात आणि त्यांच्यासोबत वाळू असते.

या पापुद्र्यांचे कारण लिहिताना फक्त "दिवसाची उष्णता, रात्रीचा गारवा" लिहू नका. दिवसरात्रीचा तापमानबदल खडकात मीटरभराच्या आतच जवळजवळ संपतो. असे गोल धोंडे मात्र विहिरीत कित्येक मीटर खाली सापडतात. तिथे भेगांतून शिरलेले पाणी बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे चिकणमातीत रूपांतर करते. कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला होतो, म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा गोल होतो.

कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून त्याला लाव्हा समजणे हीसुद्धा नेहमीची चूक. लाव्हातले वायूचे बुडबुडे गोलसर, गुळगुळीत भिंतींचे असतात. जांभ्यातल्या पोकळ्या वेड्यावाकड्या, नळ्यांसारख्या असतात. सिलिका पाण्याबरोबर निघून गेल्यावर उरलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा हा खडक आहे.

दगड ओळखताना

नमुना नेहमी ताज्या तुटलेल्या बाजूवर पाहा. विदारण झालेला बेसाल्ट तपकिरी, पिवळसर, हिरवटही दिसतो; आत तो काळा-करडाच असतो. हातोडी मारताना संरक्षक चष्मा घाला, कारण बेसाल्टच्या कपच्या धारदार उडतात.

कठीणपणा तपासताना पुस्तकातले "तांब्याचे नाणे" घेऊ नका. सध्याची आपली एक आणि दोन रुपयांची नाणी पोलादाची आहेत, त्यामुळे निकाल चुकतो. तांब्याची जाड तार वापरा (कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर सुमारे ३), सोबत नख (२.५) आणि काचेचा तुकडा (५.५). ओरखडा उठला असे वाटले की ओल्या बोटाने पुसा. पुसला गेला तर तो ओरखडा नव्हता, मऊ वस्तूचीच भुकटी खनिजावर बसली होती.

दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतल्या पारदर्शक स्फटिकांना सरसकट "क्वार्ट्झ" म्हटले जाते. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा पाडतो, त्याच्या सहा बाजूंवर आडव्या रेषा असतात आणि तो सपाट पातळीवर फुटत नाही. ॲपोफिलाइट साधारणपणे चौकोनी असतो, काचेपेक्षा मऊ असतो आणि एका दिशेला मोत्यासारख्या चमकदार पातळीवर फुटतो. कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचे मुख्य खनिज, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो. विरल आम्ल करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही.

बेसाल्टच्या तुकड्यावर फेस आला म्हणून तो चुनखडक ठरत नाही. पोकळीत किंवा भेगेत बसलेला कॅल्साइट फसफसत असतो. भिंगातून पाहून थेंब थेट काळ्या भागावर टाका. उलट चुनखडकासारख्या दिसणाऱ्या डोलोमाइटवर थेंब टाकून काहीच झाले नाही, तर सुरीने थोडी भुकटी करून पुन्हा टाका.

भूकंप: दोन मापे, दोन प्रश्न

मॅग्निट्यूड सांगते भूकंपाने किती ऊर्जा सोडली. एका भूकंपाला तो एकच असतो. तीव्रता सांगते एखाद्या जागी हादरा किती बसला, आणि ती गावागणिक बदलते. बातम्यांत "६.२ रिश्टर तीव्रता" असे छापतात, तिथे गोंधळ सुरू होतो. "दहापैकी ६.२" हेही चूक आहे. या मापाला ठरलेली वरची मर्यादा नाही; आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप चिलीतला, २२ मे १९६०, ९.५.

मॅग्निट्यूड एकने वाढला की भूकंपलेखावरची लहर १० पट होते, पण ऊर्जा सुमारे ३२ पट. दोनच्या फरकाला ऊर्जा १,००० पट होते, ६४ पट नव्हे. परीक्षेत नेमके इथे गुण जातात.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप साधारण ६.२ चा होता. जगात त्याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात, तरी इथे सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपनाभी (भूकंप जिथे सुरू होतो ती जमिनीखालची जागा) उथळ होती, वेळ पहाटे चारच्या सुमाराची होती, आणि घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचा जड थर असलेली होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड बांधणारे आरपार दगड नसले की भिंत मधोमध उकलते. मॅग्निट्यूडवरून नुकसानीचा अंदाज बांधायचा नाही, तो याचसाठी. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. "दख्खन स्थिर आहे, इथे भूकंप होत नाहीत" हे वाक्य त्यामुळे लिहूच नका; ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरच ते टिकत नव्हते.

अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरची जमिनीवरची जागा, शोधण्याच्या प्रात्यक्षिकात प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातला फरक सेकंदांत मोजून त्याला ८ ने गुणतात; उत्तर किलोमीटरमध्ये येते. २५ सेकंद म्हणजे साधारण २०० किलोमीटर. हे सूत्र काहीशे किलोमीटरपर्यंतच्या भूकंपांसाठीच आहे. सर्वांत उंच लहरीला दुय्यम लहर समजू नका. ती बहुधा मागून येणारी पृष्ठलहर असते. दुय्यम लहर म्हणजे प्राथमिक लहरीनंतर उंची आणि आवर्तन एकदम बदलते ती जागा. एका केंद्रावरून फक्त अंतर कळते, दिशा नाही, म्हणून तीन केंद्रांची तीन वर्तुळे लागतात, आणि कंपास उघडण्याआधी नकाशाचे प्रमाण तपासावे लागते. तीन वर्तुळे एका बिंदूत भेटली नाहीत तर त्रिज्या ओढूनताणून जुळवू नका. नाभी जमिनीखाली असते आणि लहरींचा वेग सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे छोटा त्रिकोण उरणारच. त्याचा मध्य अपिकेंद्र म्हणून नोंदवा आणि त्रिकोणाची रुंदी किलोमीटरमध्ये शेजारी लिहा.