‘ग्राउंड रूल्स’ लिहिताना या चुका टाळा

भाषांतरं तपासायचं काम करते, आणि ‘ग्राउंड रूल्स’पाशी दर वेळी पेन थांबतं. अर्थ सोपा आहे: काम, चर्चा किंवा खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवून घेतलेले, सगळ्यांना बांधील असलेले मूळ नियम.

सगळ्यात महागात पडते ती ‘रूल ऑफ थम्ब’शी गल्लत. दोन्हींत ‘रूल’ दिसला की घाईतली मंडळी एकाच्या जागी दुसरा ठोकून देतात. रूल ऑफ थम्ब म्हणजे ठोकताळा. मिनिटभराच्या भाषणाला शंभर-सव्वाशे शब्द, हा ठोकताळा. थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. ग्राउंड रूल मात्र पाळायचाच असतो.

एका प्रशिक्षणाच्या इंग्रजी सूचनापत्रात ‘परवानगीशिवाय कुणाचं बोलणं रेकॉर्ड करू नये’ हे ‘रूल ऑफ थम्ब’ म्हणून छापलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी घरातला अनुभव सांगितला आणि शेजारच्याने तो फोनवर टिपून घेतला. हटकल्यावर त्याने कागदच पुढे केला, “साधारण नियम आहे ना?” इंग्रजी त्याला बरोबर कळलं होतं, चूक लिहिणाऱ्याची होती. त्या बाई उरलेले दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी वाक्यात ‘साधारणपणे’ घालून बघते. अर्थ टिकला तर थम्ब, बिघडला तर ग्राउंड.

दुसरी चूक, ‘जमिनीचे नियम’. शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला की हे होतं. इथलं ग्राउंड म्हणजे मैदान, तेही अमेरिकेतल्या बेसबॉलचं. तिथली मैदानं एका मापाची नसतात, म्हणून प्रत्येकाचे काही खास नियम असतात. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या भिंतीवर वेल चढवलेला आहे. फटकावलेला चेंडू त्यात अडकून राहिला की डबल, म्हणजे फलंदाजाला दोन बेस (धावण्याच्या वाटेवरचे टप्पे). हे सामन्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून ‘मूलभूत नियम’ चालत असलं तरी मी ‘आधी ठरवून घेतलेले नियम’ लिहिते.

इंग्रजीत ‘ग्राउंड रूल्स’सोबत येणारं क्रियापद ‘सेट’ किंवा ‘ले डाउन’. भूतकाळी ‘लेड डाउन’, ‘लाइड’ नव्हे.

‘ग्राउंडेड रूल्स’ असं काही नसतं.

‘ग्राउंड रिअ‍ॅलिटी’ म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती. तिचा इथे संबंध नाही.

आणि देशाच्या कायद्याला ग्राउंड रूल्स म्हणू नका. तो बैठकीत बसलेल्यांनी ठरवलेला नसतो.