केळीच्या धाग्यावर कॉस्टिकची प्रक्रिया: पीएलए घट्ट धरून बसावं म्हणून

घड उतरवल्यावर जळगावकडच्या शेतांत केळीची खोडं ढिगाने उरतात. त्यांचा धागा काढून तसाच पीएलएमध्ये (पॉलिलॅक्टिक ॲसिड, वनस्पतींच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक) मिसळला, तर तयार पत्रा मोडताना धागे अखंड उपटून येतात आणि मागे बारीक भोकं राहतात. धाग्यावरचं मेण, पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज प्लास्टिकला चिकटू देत नाही. हा थर कॉस्टिक सोड्याने (सोडियम हायड्रॉक्साइड) निघतो. धुण्याचा सोडा इथे चालत नाही, तो फार सौम्य पडतो.

100 ग्रॅम कोरड्या धाग्याला 5 टक्क्यांचं 2 लिटर द्रावण लागतं. स्टीलच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बादलीत दीड लिटर पाणी घ्या, त्यात 100 ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं टाकत ढवळा, मग पाणी वाढवून 2 लिटर करा. पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, ते झिजतं आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

द्रावण गार झालं की धाग्याच्या सैल बांधलेल्या जुड्या बुडवा. धागा आधी कापू नका, आखूड तुकड्यांचा गुंता होतो आणि धुताना अर्धे वाहून जातात. जुड्या तरंगतात, म्हणून वर जाळी ठेवून दाबा. 2 तास पुरेत, मध्ये दोन-तीनदा उलटा. द्रावण तपकिरी होणारच. लवकर उरकावं म्हणून 10 टक्क्यांच्या पुढे गेलात, तर धाग्याला ताकद देणाऱ्या सेल्युलोजलाच मार बसतो आणि धागा हाताने ओढला तरी तुटतो.

खरी गडबड होते ती धुण्यात. पीएलए पॉलिएस्टर आहे. धाग्यात कॉस्टिक अडकून राहिलं तर साच्याच्या उष्णतेत तेच पीएलएच्या साखळ्या तोडतं आणि पत्रा बिस्किटासारखा मोडतो. मग लोक धाग्याला नावं ठेवतात! तीन-चार पाण्यांनी धुवा, मग 5 टक्क्यांच्या व्हिनेगरात चौपट पाणी घालून त्यात 10 मिनिटं ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. वरून निथळणारं पाणी तपासून फसू नका. मूठभर धागा डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. 7 च्या आसपास आलं नाही तर परत धुवा.

आता 60 अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि मग 5 ते 10 मिलिमीटरचे तुकडे करा. मिसळण्याच्या आधी धागा आणि पीएलएचे दाणे, दोन्ही 80 अंशांवर 4 तास ठेवा. वजनाने 20 ते 30 टक्के धागा घालून 180 अंशांच्या आसपास दाबा. 200 च्या वर धागा करपू लागतो, रंग गडद होतो, जळका वास येतो. पत्र्यात फुगे दिसले तर दोष बहुधा ओलाव्याचा.

वापरलेलं कॉस्टिक गटारात किंवा बांधावर ओतू नका. सौम्य आम्लाने उदासीन करा, पीएच तपासा, मगच त्याची विल्हेवाट लावा. आणि हा पत्रा परसातल्या खतखड्यात लवकर कुजेल असं गिऱ्हाइकाला सांगू नका: पीएलएला 58 अंशांच्या आसपास तापणारं औद्योगिक कंपोस्ट लागतं.