ड्राय आइसने पाला सुकत नाही: सुगंधी वनस्पती वाळवताना या चुका टाळा

पुदिना, तुळस, रोझमेरी, हॉप्स (बिअरमध्ये वापरतात ती फुलं) वाळवताना कार्बन डायऑक्साइड वायू किंवा ड्राय आइस, म्हणजे गोठवून घन केलेला हाच वायू, वापरला की पाला लवकर सुकतो आणि वासही टिकतो, असं बरेच जण सांगतात. वासाचं थोडंफार खरं आहे, सुकण्याचं मुळीच नाही.

पानातलं पाणी बाहेर पडतं ते पानातल्या आणि भोवतालच्या बाष्पदाबातल्या, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबातल्या, फरकामुळे. हवेच्या जागी दुसरा वायू भरून हा फरक वाढत नाही. उलट वायू निसटू नये म्हणून डबा बंद केला, की पानांतून निघालेली वाफ आतच कोंडते. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा कुबट वास आला, तर माल लगेच बाहेर काढून पातळ पसरा. बुरशी दिसली तर मात्र तो टाकूनच द्यावा. वरची पांढरी लव झटकली म्हणून आतली बुरशी जात नाही.

ड्राय आइसबद्दल आणखी एक गैरसमज आहे. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असतं. इतक्या थंडीत पानातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो जवळजवळ तसाच राहतो. फ्रीझ-ड्रायिंगच्या, म्हणजे गोठवून वाळवण्याच्या, यंत्रात हा बर्फ उडून जातो तो हवा खेचून घेणाऱ्या व्हॅक्यूम पंपामुळे, नुसत्या गारठ्यामुळे नव्हे. शिवाय बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात, आणि वितळताना तुळशीसारखी पानं काळी पडतात. गोठलेल्या पानांवरच्या तेलग्रंथी ठिसूळ होतात. हात लागला की झडतात, म्हणजे ज्या वासासाठी हा सगळा खटाटोप केला तोच डब्याच्या तळाशी जातो. थंड डबा उघडला की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी पानांवर जमतं, ते वेगळंच.

आता सर्वांत गंभीर चूक. घट्ट झाकणाच्या बरणीत ड्राय आइस कधीही, अगदी लहानसा तुकडासुद्धा, ठेवू नका. एक किलो ड्राय आइसपासून साधारण ५४० लिटर वायू होतो. त्याला वाट मिळाली नाही तर बरणी फुटते आणि काचा तोंडावर येतात.

खोलीचं गणितही करून बघा. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी बंद खोली म्हणजे सुमारे २८,००० लिटर हवा. तिथे दोन किलो ड्राय आइस पूर्ण उडालं, तर वायूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जातं, आणि हे प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानलं जातं. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा सरासरी ०.५ टक्का इतकीच आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. म्हणून तळघर, खड्डा आणि जमिनीवर झोपलेलं मूल किंवा प्राणी यांची काळजी आधी घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे उपयोगाचा नाही. ऑक्सिजनच्या मीटरवरही विसंबू नका, कारण चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतानाही ऑक्सिजन २० टक्के दिसतो. या वायूसाठीचाच मीटर हवा. डोकं दुखलं, धाप लागली, तर मोकळ्या हवेत या. आत कोणी पडलेलं दिसलं तर धावत आत शिरू नका. बाहेरून दारं उघडा आणि आपत्कालीन मदत बोलवा.

हरितगृहात हा वायू सोडतात, म्हणून वाळवतानाही तो चांगलाच, असा तर्क काही जण करतात. पण हरितगृहातलं झाड मुळांवर उभं असतं, उजेडात वाढत असतं. अंधारात टांगलेल्या डहाळीला त्याचा काही लाभ नाही. तिला हवी सावली, खेळती हवा आणि साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंतची ऊब.

मग हा वायू वापरायचा कधी? पाला पूर्ण वाळल्यावर, साठवणीत. काडी वाकण्याऐवजी कडकन मोडली पाहिजे. नंतर बरणीत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ठेवून एक दिवस बघा. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर चढली तर पाला पुन्हा पसरा. ओल राहिलेल्या मालाला वायूने बुरशीपासून कायमचं संरक्षण मिळत नाही.

वाळलेल्या मालावर सिलिंडरमधून, रेग्युलेटर लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून, वायू हळू सोडला तर बरणीतला ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो आणि सुगंधी तेलांचं ऑक्सिडेशन मंदावतं. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून मात्र तो हळूहळू निसटतो. काच किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या. बरणी उघडताक्षणी बाहेरची हवा आत येतेच. त्यामुळे रोज लागणारा पाला वेगळ्या छोट्या बरणीत काढा आणि मोठीला हात लावू नका.