घरी कॅमेऱ्याचा फिल्म रोल धुवायला कधी बसावं?

गेल्या मे महिन्यात दुपारी २ वाजता पुण्यातल्या आमच्या बाथरूमच्या नळाखाली थर्मामीटर धरला, तर ३४ अंश! गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी, दुसरं काय होणार. तेव्हापासून रोल धुवायचा मुहूर्त मी नळाखालीच बघते.

त्याआधी मात्र रोल मोजा. मी इलफर्डचं आयडी-११ वापरते, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारी डेव्हलपरची पावडर. १ लिटरचं पाकीट कालवलं की गळ्यापर्यंत भरलेली, घट्ट बुचाची बाटली ६ महिने टिकते. अर्धी झाली की महिनाभरच. निम्मं पाणी मिसळून वापरलं तर ३५ मिमीच्या एका रोलला १५० मिली लागतं, म्हणजे पाकिटात ६ रोल बसतात. ४ रोल जमेपर्यंत मी पाकीट फोडत नाही. एचपी ५ हा माझा नेहमीचा कृष्णधवल रोल डब्यात घालून फ्रिजमध्ये थांबतो बिचारा. पॅन एफ या दुसऱ्या कृष्णधवल रोलला मात्र थांबवू नका. त्यावरचं न धुतलेलं चित्र लवकर विरतं, ३ महिन्यांच्या आत धुवाच.

आता पाणी. एचपी ५ ला या निम्म्या द्रावणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला साधारण ९. पाणी न मिसळता वापरलं तर २० लाच साडेसात, आणि उकाड्यात ते ५ च्या खाली उतरतं. इतक्या कमी वेळात फिल्मवर डाग-पट्टे राहायची भीती. म्हणून २४ पर्यंत मी बिनधास्त बसते, त्यापुढे गेलं की बाटल्या बर्फाच्या टबात. बर्फ टबात हं, डेव्हलपरमध्ये नाही! फिक्सर (डेव्हलपरनंतरचं, चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही डेव्हलपरच्या तापमानाच्या आसपासच हवं. त्यामुळे मे महिन्यात आदल्या रात्री पाण्याच्या ६ बाटल्या फ्रिजमध्ये जातात आणि सासूबाई विचारतात, "दूध कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?" डिसेंबर-जानेवारीत हा खटाटोप नाही.

पावसाळ्यात पाणी बरं असतं, पण हात घामेजतात. जुलैत चेंजिंग बॅगमध्ये (बाह्यांतून हात घालून अंधारात काम करायची पिशवी) प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म तिसऱ्या वेढ्याला अडकली ती अडकलीच. ओढू नका, दुमडते आणि नखाएवढे काळे चंद्र उमटतात. मी फिल्म सुटी करून रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत ठेवली, मधली नळी बसवून झाकण लावलं (नळीशिवाय टाकीत उजेड शिरतो), रीळ बाहेर काढून हेअर ड्रायरने खडखडीत वाळवलं आणि पुन्हा भरलं. तेव्हापासून पावसात रीळ आदल्या दिवशीच वाळवून ठेवते.

सगळं जुळलं तरी एक काम उरतं. रोलच्या सुरुवातीचा, उजेड लागलेला बोटभर तुकडा कापा आणि दिवसाउजेडीच वाटीतल्या डेव्हलपरमध्ये टाका. दुसरा तसाच तुकडा फिक्सरमध्ये. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवायचा. डेव्हलपरच्या वाटीतला तुकडा काही मिनिटांत गडद काळा व्हायला हवा. मळकट राखाडीच राहिला तर बाटली ओतून द्या, पाकीट कितीही महाग असो. काळा झाला तरच बॅगेत हात घाला.