एआर-१५ चा ट्रिगर गार्ड बदलावा का, आणि बदलायचाच तर कसा

एआर-१५ या अर्ध-स्वयंचलित रायफलीवर हौसेने बदलल्या जाणाऱ्या भागांत ट्रिगर गार्डचा, म्हणजे ट्रिगरखालच्या संरक्षक कमानीचा, नंबर फार वर लागतो, आणि त्याचं मुख्य कारण त्याची किंमत. अमेरिकेत पॉलिमरचा गार्ड १० डॉलरच्या आसपास मिळतो, अ‍ॅल्युमिनियमचा २०-२५ डॉलरला. मात्र रायफलच्या कामात त्याने काही बदलत नाही. त्याने नेम सुधारत नाही, ट्रिगरचं वजन कमी होत नाही, गोळी लवकर सुटत नाही. मिळतो तो फक्त हाताचा आराम, आणि थंडीत थोडी जास्त सुरक्षितता. हे दोन्ही तुम्हाला हवं असेल तरच पुढे वाचा.

कारखान्यातून येणारा साधा गार्ड म्हणजे सरळ, पातळ पट्टी. पुढच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली बारीक खुंटी असते, मागचं टोक १/८ इंची रोल पिनवर (गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिनेवर) फिरतं. खुंटी दाबली की पट्टी खाली झुलते आणि पिस्तूल ग्रिपला (हाताने धरायच्या मुठीला) जाऊन टेकते. जाड हातमोजे घालून ट्रिगरपर्यंत बोट पोचावं, यासाठी ही सोय. ती आजही चालते. पण गार्ड उघडा म्हणजे ट्रिगर उघडा. झुडपाची फांदी, पट्ट्याचं टोक, जॅकेटची दोरी, काहीही आत जाऊ शकतं. म्हणून खाली बाक दिलेले, मोठ्या पोटाचे गार्ड निघाले. ते बंदच राहतात आणि मोज्यातलं बोट आत मावतं. मॅगपुल कंपनीचे पॉलिमर आणि अ‍ॅल्युमिनियम असे दोन्ही गार्ड याच जातीचे.

पैसे कुणाचे वसूल होतात

मिनेसोटा, नॉर्थ डकोटा अशा ठिकाणी हिवाळ्यात कोयोटीच्या (कोल्ह्यासारख्या जंगली प्राण्याच्या) शिकारीला जाणाऱ्याने बेलाशक बदलावा. अरुंद गार्डमध्ये जाड मोजा घुसवताना ट्रिगर दाबला जाण्याचा धोका असतोच. त्याहून छुपा त्रास असा की, गोळी सुटल्यावर मोज्याची घडी ट्रिगर आणि पट्टीच्या मध्ये अडकते, ट्रिगर पूर्ण पुढे येत नाही आणि पुढची गोळी सुटत नाही. माणूस मग रायफल बिघडली समजून बोल्ट (गोळी आत ढकलून मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडत बसतो.

दुसरं कारण मधलं बोट. सरळ पट्टी आणि ग्रिप यांच्यामध्ये फट असते. ग्रिप उंच धरली की मधल्या बोटाची वरची बाजू नेमकी तिथे येते आणि पट्टीच्या कडेवर, रोल पिन जिथे बसते त्या दोन पातळ कानांवर घासते. दोन-तीनशे गोळ्यांच्या सरावात कातडी लाल होते. बाकदार गार्ड ही फट बरीचशी बुजवतो. मात्र तेवढाच त्रास असेल तर आधी फटीत बसणारा रबरी तुकडा लावून बघा. तो चिमटीने बसतो, हातोडी लागत नाही. काही ग्रिपांना पुढे जीभ असते, तीही हेच काम करते. ग्रिप बदलायचा विचार असेलच, तर गार्डचे पैसे वाचतात.

बाकीच्यांनी पैसे गोळ्यांवर खर्चावेत. आणि खरेदीआधी आपली रायफल उलटी करून नीट बघा. बऱ्याच नव्या रायफलींत गार्ड लोअर रिसीव्हरमधूनच (रायफलच्या खालच्या सांगाड्यातूनच) घडवलेला असतो. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५ स्पोर्ट २ हे ओळखीचं उदाहरण. तिथे पिन नाही, खुंटी नाही, बदलायला काहीच नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. गार्ड हा नुसता सुटा भाग, संघीय कायद्यात तो बंदूक धरला जात नाही. पण एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच संघीय कायद्याची मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. आणि भारतात सुट्टीला येताना असला सुटा भाग बॅगेत ठेवू नका: १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, आणि आयातीला परवाना लागतो.

काय लागेल

१/८ इंची रोल पिन पंच, शक्यतो टोकाला बारीक गोल उंचवटा असलेला. पिन धरून ठेवणारा, पोकळ तोंडाचा स्टार्टर पंच. शंभर-दोनशे ग्रॅमची पितळी हातोडी. मास्किंग टेप, तेल, बारीक कानस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर. अ‍ॅलन की बहुतेक गार्डच्या पाकिटातच येते, नवी रोल पिनही. जुनी पिन परत वापरू नका. एकदा दबलेल्या पिनेची पकड कमी होते. आणि लाकडाचा एक ठोकळा. या सगळ्यात खरं महत्त्व ठोकळ्याचं आहे.

आधी रायफल रिकामी

मॅगझीन काढा. चार्जिंग हँडल मागे ओढून बोल्ट अडकवा, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग रिसीव्हरची पुढची आणि मागची अशा दोन्ही पिना सरकवून अप्पर (नळीसकटचा वरचा भाग) आणि लोअर वेगळे करा. लोअर एकटा हातात असताना ट्रिगर दाबू नका. हॅमर (ट्रिगर दाबल्यावर झेपावणारा घण) अडवायला बोल्ट नसतो, तो थेट रिसीव्हरवर किंवा बोल्ट कॅचवर (बोल्ट अडकवणाऱ्या खटक्यावर) आदळतो.

ग्रिप साधी असेल तर काढावी लागत नाही. पुढे जीभ असलेली असेल तर तिचा स्क्रू काढताना सावध राहा: सेफ्टीची बारीक स्प्रिंग ग्रिपच्या आत बसलेली असते. ग्रिप सुटली की स्प्रिंग आणि तिच्यावरची छोटी खुंटी जमिनीवर, आणि मग अर्धा तास पलंगाखाली.

कान का तुटतो

गार्डचं मागचं टोक रिसीव्हरला असलेल्या दोन पातळ कानांच्या मध्ये बसतं, पिन तिन्हींतून आरपार जाते. रिसीव्हर ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा, मजबूत पण न वाकणारा. लोअर टेबलावर आडवा ठेवला की तो आपल्या रुंद पोटावर टेकतो. कान मात्र त्या पातळीपासून आत असतात, म्हणजे खालचा कान हवेत लोंबकळत राहतो. वरून पिनेवर घाव बसला की सगळा जोर या अधांतरी कानावर येतो आणि तो मुळाशी तडकतो. घाव जोराचा असलाच पाहिजे असं नाही. पिन किंचित तिरकी असेल तर हलकी टपलीही पुरते.

म्हणून ठोकळा कानाच्या अगदी खाली हवा. त्याची जाडी अशी निवडा की कान त्यावर पूर्ण टेकेल आणि रिसीव्हर डुगडुगणार नाही. पिन बाहेर पडायला ठोकळ्याला पाव इंचाचं भोक पाडा. कान आणि ठोकळा यांत फट राहिली नाही ना, हे ठोकण्याआधी खाली वाकून उजेडाकडे बघा. बाजारात यासाठी तयार आधारही मिळतात. लाकडाचा नीट कापलेला तुकडा तेच काम करतो.

जुना काढणं

पुढची खुंटी पंचाच्या टोकाने दाबा आणि पट्टी खाली झुलवा. कानांच्या बाजूने रिसीव्हरला टेप लावा, पंच घसरला तर रंग वाचेल. आता कान ठोकळ्यावर, पंच पिनेवर अगदी सरळ, आणि छोट्या छोट्या टपल्या. पिन हलत नसेल तर जोर वाढवू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडून पंधरा मिनिटं थांबा.

नवा बसवणं

पिन न घालता गार्ड आधी जागेवर बसवून बघा. तो अंगठ्याच्या दाबाने आत जायला हवा. घट्ट असेल तर गार्डच्या मागच्या टोकाच्या बाजू पॉलिश पेपरवर घासा, थोडं घासून परत लावून बघत. रिसीव्हरचे कान कधीही घासू नका आणि गार्ड ठोकून आत घालू नका. पाचर मारल्यासारखे कान फाकतात, आणि तडा तिथेच पडतो.

पिनेचं एक टोक कानशीने किंचित निमुळतं करा, तेल लावा. पंच आरपार घालून तिन्ही भोकं एका रेषेत आणा. स्टार्टर पंचात पिन धरून दोन-तीन हलक्या टपल्यांत ती वरच्या कानात उभी राहिली पाहिजे. इथे थांबा, चारही बाजूंनी बघा, तिरकी असेल तर काढून पुन्हा सुरुवात करा. पुढचं काम दोन रीतींनी होतं. एक म्हणजे ठोकळ्यावर ठेवून ठोकणं. दुसरी म्हणजे रुंद जबड्याच्या पकडीला टेप गुंडाळून पिन हळूहळू दाबत आत नेणं. दुसरी रीत जास्त सुरक्षित. पकडीचा दुसरा जबडा पलीकडच्या कानाला आपोआप टेकू देतो, धक्का बसत नाही, आणि पिन वाकडी चालली तर हाताला लगेच कळतं. शेवटचा केसभर भाग पंचाने बसवा, दोन्ही बाजूंना पिन कानाच्या पातळीत यावी.

आता पुढचा बारीक स्क्रू. मॅगपुलसारख्या गार्डमध्ये स्प्रिंगच्या खुंटीऐवजी तोच असतो. तो भोकात शिरून गार्ड हलायचा थांबला की पुरे. अ‍ॅल्युमिनियमच्या गार्डला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) चालतं, तेही टाचणीच्या डोक्याएवढं. पॉलिमरला लावू नका, काही प्लास्टिकांना त्याने बारीक तडे जातात. पॉलिमरमध्ये स्क्रू जास्त आवळला तर आटे मरतात.

गार्डवर खर्च करायचाच आहे म्हणून अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यायचा, असं काही नाही. पॉलिमर थंडीत बोटाला बर्फासारखा लागत नाही, आणि मोज्याच्या कारणासाठी गार्ड घेणाऱ्याला तोच बरा.

तपासणी

रायफल जोडा, चेंबर पुन्हा बघा, नळी सुरक्षित दिशेला. हॅमर चढवून सेफ्टी लावा, ट्रिगर दाबा: काही होता कामा नये. सेफ्टी काढून दाबा आणि दाबूनच ठेवा: हॅमर पडेल. तसाच दाबून हँडल पूर्ण मागे ओढून सोडा, मग ट्रिगर सोडा: 'टक्' आवाज येईल. पुन्हा दाबल्यावर हॅमर पडला की काम झालं. हेच सगळं हिवाळी मोजे घालून एकदा करा. पहिल्या सरावानंतर पुढचा स्क्रू तपासा.

आणि कान तुटलाच तर? त्या अवस्थेत रायफल वापरू नका; गार्ड एकाच टोकावर लटकतो. ७०७५ ला वेल्डिंग मानवत नाही, सांध्याशेजारी पुन्हा तडे जातात. अमेरिकी कायद्यात अनुक्रमांक असलेला लोअर हीच बंदूक, म्हणून नवा लोअर म्हणजे परवानाधारक दुकान, ४४७३ चा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी, १० डॉलरच्या गार्डपायी. हातोडीवर भरवसा नसेल तर हे काम बंदुकीच्या कारागिराकडे द्या. त्याला दहा मिनिटांचं आहे.

बोल्ट अ‍ॅक्शन रायफलींचा (ज्यांचा बोल्ट दर गोळीला हाताने मागेपुढे करावा लागतो) हिशेब वेगळा. रेमिंग्टन ७०० मध्ये अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग) आणि स्टॉक (दस्ता) जोडणारे स्क्रू गार्डच्याच धातूतून वर जातात. तिथे गार्ड बदलणं म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ज्या दाबाने बसली आहे तो दाब बदलणं, आणि त्याने निशाण्यावर पडणाऱ्या गोळ्यांचा घोळका खरोखर हलतो, कधी सुधारतो, कधी बिघडतो. स्क्रू टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा: साध्या लाकडी स्टॉकला ३५-४० इंच-पौंड, अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याच्या स्टॉकला) ६५ पर्यंत, आणि स्टॉक बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. पुढचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर तो बोल्टला अडतो, तेव्हा आवळून झाल्यावर बोल्ट मागेपुढे करून बघा आणि मग मैदानावर जाऊन दुर्बीण नव्याने झिरो करा, म्हणजे गोळी पडते त्या जागेशी जुळवून घ्या.