उद्योजकतेचे खेळ वर्गात का फसतात? या चुका टाळा

कागदी पाकिटं बनवून विकण्याचा खेळ घ्या. चार-चार मुलांचे सहा गट, कागद, डिंक, कात्री आणि पैशांच्या जागी टोकन. वर्ग दणाणून जातो, पण धंद्यातलं काय कळलं असं विचारलं की उत्तर येतं, "मजा आली." दोष मुलांचा नसतो, बहुतेकदा नियमांचा असतो.

सगळा माल शिक्षकच घेतात. मग भाव ठरवायची वेळच येत नाही. सहा गटांनी प्रत्येकी २० पाकिटं केली तर माल १२०. चार मुलांना गिऱ्हाईक करा आणि प्रत्येकाला १५० टोकन द्या. ८ टोकनच्या भावाने प्रत्येकी १८, म्हणजे फक्त ७२ पाकिटं खपतील. आता भाव पाडायचा की माल सुबक करायचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. गिऱ्हाइकांना वाकडी पाकिटं नाकारायची मुभा हवीच.

भांडवल फुकट देणं. फुकटची टोकनं मुलं उधळतात. १०० टोकन कर्ज म्हणून द्या आणि फेरीअखेर १० टोकन व्याज घ्या.

गल्ला म्हणजेच नफा समजणं. सर्वांत मोठा घोळ इथे होतो. एका गटाचा हिशेब पाहा: १० कागद, प्रत्येकी ६ प्रमाणे ६०; जागेचं भाडं १५; एका कागदाची दोन, अशी २० पाकिटं. १२ विकली, ८ प्रमाणे ९६ आले. कर्जाच्या १०० मधले उरलेले २५ धरून हातात १२१ टोकन. मुलं सांगतात, नफा २१. व्याज दिल्यावर उरतात ११. मग कुणीतरी उरलेली आठ पाकिटं ८ प्रमाणे धरून ६४ वाढवतं. तसं चालणार नाही. पुढच्या फेरीत विकता येणार असतील तर ती कागदाच्या खर्चाने, म्हणजे ३ प्रमाणे २४ धरा. खेळ संपला असेल तर शून्य. हा तक्ता गटांकडूनच भरून घ्या. फळ्यावर तयार उत्तर लिहिलंत तर सगळं मुसळ केरात.

एकच फेरी खेळणं. पहिल्या फेरीत चुका होतात, त्या सुधारायला दुसरी-तिसरी लागते. सलग ८० मिनिटं मिळाली तर नियम ५, तीन फेऱ्या प्रत्येकी १८ (बनवणं ८, विक्री ५, हिशेब ५) आणि उरलेली चर्चेला. वेळ कमी पडला तर फेरी कापा, चर्चा नको. फेरीगणिक खरेदी, उत्पादन, विक्री आणि हिशेब ही कामं बदला. नाहीतर बोलकं मूल विक्रीला चिकटून बसतं.

शेवटची फेरी आधी जाहीर करणं. बुडालं तरी पुढे काही भोगायचं नसल्याने मागे पडलेले गट सगळी टोकनं पणाला लावतात. हा जुगार झाला. किती फेऱ्या आहेत ते सांगूच नका.

चर्चेत "काय शिकलात?" विचारू नका, पाठ केलेली उत्तरं येतात. "भाव नेमका कधी बदललात? तेव्हा शेजारच्या गटाचा भाव माहीत होता का?" असं विचारा आणि हिशेबाचा तक्ता समोर ठेवूनच उत्तर घ्या.