लॅग घेतला आणि शेजारणीचा आकडा आला

थिसिससाठी पहिल्यांदा पॅनल डेटा (अनेक कंपन्यांचे अनेक वर्षांचे आकडे एकाखाली एक) हातात आला तेव्हा लॅग, म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा, काढायला कॉलम एक ओळ खाली सरकवायचा एवढंच माहीत होतं. सरकवला, रिग्रेशन चालवलं, निकाल सिग्निफिकंट असल्याचे स्टारपण आले, मी खुश. आठवड्याभराने सहज टेबल चाळताना दिसलं की दुसऱ्या कंपनीच्या 2011 च्या ओळीत मागच्या वर्षीची विक्री 940, आणि ही कंपनी बिचारी कायम 60-70 च्या घरातली. 940 आले कुठून? वरच्या ओळीतून, पहिल्या कंपनीच्या 2018 मधून! सगळ्याच कंपन्यांच्या पहिल्या वर्षात असा शेजारणीचा आकडा येऊन बसलेला.

तिथे खरं तर रिकामं हवं. 300 कंपन्या असतील तर एका लॅगमागे 300 ओळी जाणारच, जाऊ द्या, शून्य भरत बसू नका. लीडला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आकड्याला, उलटं, शेवटचं वर्ष रिकामं.

म्हणून आधी कंपनी आणि वर्षावर सॉर्ट, मग ग्रुप, मग लॅग. पायथनच्या पांडाजमध्ये ग्रुपबाय करून शिफ्ट, लीडसाठी शिफ्टमध्ये उणे एक. आरमध्ये डीप्लायर पॅकेजचाच लॅग चालतोय ना ते बघा, कारण आरचा स्वतःचा पण एक लॅग आहे आणि तो साध्या कॉलमवर आकडे जागचे हलवतच नाही, वर एररपण देत नाही, शहाणा.

एवढं करूनही मी परत फसले. एका कंपनीचं 2014 च गायब होतं, त्यामुळे 2015 च्या लॅगमध्ये 2013 चा आकडा. वरची ओळ म्हणजे मागचं वर्ष असं नसतं हो. स्टाटात एक्सटीसेट करून (कंपनी कुठली, वर्ष कुठलं ते सांगून) एल डॉट लावलं की तो वर्ष बघतो आणि गॅप असेल तिथे रिकामं सोडतो, लीडला एफ डॉट. पांडाजमध्ये मी आता टेबलची कॉपी काढते, तिच्यात वर्षात एक मिळवते आणि कंपनी-वर्षावर परत मूळ टेबलला लेफ्ट मर्ज करते. जरा लांबचा रस्ता आहे पण यात गॅप आपोआप सांभाळला जातो.

अजून एक, वाय चाच (ज्याचं कारण शोधतोय त्या आकड्याचाच) लॅग फिक्स्ड इफेक्टसोबत (प्रत्येक कंपनीचा कायमचा फरक बाजूला काढून) टाकणार असाल आणि वर्षं पाच-सहाच असतील तर गाइडने विचारायच्या आधी निकेल बायस (अशा वेळी लॅगच्या अंदाजात येणारी चूक) वाचून जा, 1981 चा पेपर आहे. मला आयत्या वेळी विचारलं होतं.

आता लॅग बनवला की मी गॅपवाली एक कंपनी आणि तिच्या खालची एक, दोघींच्या ओळी प्रिंट करून बोटाने जुळवते, मगच रिग्रेशन.